गाडीला पाच स्टार, प्लॅनला दीड : चिपळूण-नाशिक-भंडारदरा ट्रिपचा रिव्ह्यू

आधीच सांगते, एजन्सीचं नाव लिहिणार नाहीये. चिपळूण केवढंसं, उद्या मच्छीमार्केटात समोरासमोर यायचंय. पण दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी कुणी असल्या "तुमच्यासाठी खास बनवलेल्या रोडट्रिप"च्या जाहिराती बघून पैसे भरायच्या बेतात असाल तर त्याआधी हे वाचा, मग काय ते ठरवा.

तर झालं असं की यंदा २०२५ ला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला गुरुवारी आली, शुक्रवारची एक रजा टाकली की लांब वीकेंड, आणि दिराच्या मोबाईलवर ती जाहिरात आली. फोटोत लाल-पिवळ्या पानांचे द्राक्षमळे, मागे डोंगर, हातात ग्लास घेतलेली एक गोरी बाई. खाली लिहिलेलं, शरद ऋतूतली वाइन कंट्री आणि सह्याद्रीचे घाट, चार रात्री पाच दिवस, वेलीवरची द्राक्षं स्वतः तोडा, पायाने तुडवा, वगैरे वगैरे. तेव्हाच खरं तर डोक्यात घंटी वाजायला हवी होती. आपल्याकडे शरद म्हणजे काय, तर ऑक्टोबर हीट, घामाच्या धारा आणि भाताच्या लोंब्या. पण आम्ही सगळे भुललो. मीसुद्धा.

पैशाचं आधी सांगून टाकते म्हणजे तो विषय संपला. प्लॅन बनवून द्यायचे २५०० रुपये, आणि त्याची पीडीएफ येते, एकवीस पानांची, त्यातली निम्मी फोटोची. गाडी एर्टिगा, किलोमीटरला १६ रुपये, रोजचे किमान ३०० किलोमीटर धरणार मग तुम्ही शंभरच फिरा, ड्रायव्हर भत्ता रोज ५००, टोल पार्किंग आपलं. हे दर तसे ठीकच आहेत, आमच्या इथे सगळीकडे साधारण असेच सांगतात. हॉटेल आणि टेस्टिंगचं बुकिंग ते करून देतात, पैसे आपले. आम्ही सहा जणं, मी, नवरा, सासूबाई, दीर, जाऊबाई आणि १९ वर्षांचा पुतण्या. सहा अधिक ड्रायव्हर म्हणजे एर्टिगा फुल्ल, मग बॅगा कुठे ठेवायच्या हे एकवीस पानांत कुठेच नाही. शेवटी ड्रायव्हर काकांनी वर कॅरियर बांधला आणि ताडपत्री टाकली, तीही स्वतःच्या घरची. मी आणि पुतण्या पाच दिवस मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला.

काकांबद्दल पुढे येईलच, खरा रिव्ह्यू त्यांचाच आहे.

१ तारखेला पहाटे पाचला निघालो. दसऱ्याला दाराला नवं, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, बांधायचं काम शेजारच्या काकूंवर सोपवलं, त्यावरून सासूबाई परशुराम घाट येईपर्यंत गप्प होत्या. प्लॅनमध्ये लिहिलेलं, चिपळूण ते नाशिक सात तास. अहो कुठल्या जगात! हे अंतर साधारण पावणेचारशे ते चारशे, आणि त्यातला पहिला अर्धा मुंबई-गोवा हायवे. कशेडीला आता बोगदा झालाय त्यामुळे तो जुना वळणावळणाचा घाट वाचतो हे खरं, पण पुढे माणगाव आहे ना! बाजारपेठेतून जाणारा तो रस्ता, समोरून मुंबईहून गावाला येणाऱ्या गाड्यांची रांग, आम्ही उलट्या दिशेने असूनही पाऊण तास अडकलो. ज्या माणसाने हा प्लॅन लिहिला तो लांब वीकेंडला माणगावातून कधी गेलेला नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देईन.

त्यात पुढे लिहिलेलं की पनवेलवरून कळंबोली, ठाणे, भिवंडी असं जा. काकांनी तो कागद बघितला आणि घडी करून डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या मागे ठेवला. "वैनी, या रस्त्यान गेलो तर दसरा भिवंडीतच करू." मग त्यांनी वाकणवरून गाडी आत घातली, पाली, खोपोली, कर्जत, मुरबाड करत थेट शहापूर. रस्ता सगळीकडे गुळगुळीत आहे असं नाही, मुरबाडच्या अलीकडे खड्डे आहेत, पण पनवेल-कल्याण सगळं चुकतं आणि दोन्ही बाजूला भाताची खाचरं आणि डोंगर. शहापूरपासून समृद्धीवर चढलो. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झालाय आणि त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा घाटाला वळसाच. पीडीएफमध्ये याचा पत्ताच नाही, म्हणजे मजकूर जून महिन्याच्या आधीचा, आमच्यासाठी "खास" वगैरे काही बनवलेलं नव्हतं. बोगद्यात शिरल्यावर सासूबाई म्हणाल्या, घाट बघायला निघालो आणि उंदरासारखे बिळातून चाललोय. संध्याकाळी पाचला नाशिक. बारा तास. वाटेत दोन चहा, एक जेवण, पुतण्याची एक उलटी.

आता २ तारीख. पान नंबर सहा, सकाळी अकरा वाजता वाइन टेस्टिंग, सहा जणांचं बुकिंग.

सकाळी खाली उतरले तर पार्किंगमध्ये काका गाडी धुवून पुसून पूजा करत होते. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, झेंडूचा हार, चारी चाकांखाली लिंबू, आणि स्टेअरिंगला आपट्याची डहाळी बांधलेली. मला म्हणाले, "वैनी, आज गांधी जयंती हाय ना. आज वाइन कोन देनार हाय तुमाला?" मी तशीच उभी. २ ऑक्टोबर ड्राय डे असतो हे शाळेतल्या पोराला माहितीये. आम्हा सहा जणांच्या डोक्यात आलं नाही कारण आमच्या डोक्यात दसरा होता, पण ज्यांनी २५०० रुपये घेतले त्यांच्या डोक्यात काय होतं? ऑफिसला फोन लावला तर एका मुलीने उचलला, "मॅम मी टीमशी बोलून सांगते". टीम अजून बोलतेय.

तरीही गेलो, म्हटलं निदान मळा तरी बघू. गेट उघडं, रेस्टॉरंट चालू, टेस्टिंगची खोली बंद. तिथल्या लोकांची यात काहीच चूक नाही, उलट त्यांनी न कुरकुरता बुकिंग दुसऱ्या दिवशीवर टाकून दिलं. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या दादांनी आम्हाला बघून खिशातून आपट्याची पानं काढली, "सोनं घ्या, सोन्यासारखे ऱ्हा." वाइन नाही मिळाली, सोनं मिळालं, जाऊबाई म्हणाल्या.

मोकळा दिवस मिळाल्यावर सासूबाईंनी लगेच वणीचं काढलं. सप्तशृंगीला जायचंच होतं, पण प्लॅनमध्ये ते ३ तारखेला दुपारी "अर्ध्या तासाचा स्टॉप" म्हणून घुसवलेलं, नाशिकहून साठ किलोमीटरवर गड आणि अर्धा तास! दिंडोरीच्या बाजूने गेलो, दोन्हीकडे द्राक्षबागा. नवरात्रात नांदुरीलाच खाजगी गाड्या थांबवतात, वर एसटीने जायचं, हेही आम्हाला काकांकडूनच कळलं. एसटीची रांग, मग वर ट्रॉलीची रांग (ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी पायऱ्यांनी जावं, लवकर होतं), आणि मग ती अठरा हातांची शेंदरी देवी. सासूबाई खूष. रात्री दहाला परत. या दिवसाला पैकीच्या पैकी मार्क, आणि त्यात एजन्सीचा वाटा शून्य.

३ तारखेला टेस्टिंग. इथे सगळ्यात मोठी गंमत. बस भरभरून आलेल्या लोकांच्या मागून आम्ही मळ्यात शिरलो, आणि समोर काय तर नुसत्या काड्या. पान नाही, घड नाही, तारांना बांधलेली उघडी खोडं आणि त्यावर बोटाएवढ्या कापलेल्या काड्या, ओळीच्या ओळी, लांबून बघितलं तर जळाऊ लाकडं रचल्यासारखी. पुतण्या म्हणाला, काकी, हे मेलंय का? काही प्लॉटमध्ये इवलीशी गुलाबीसर फूट दिसत होती तेवढीच.

तिथे एक कामगार बाई होत्या, हातात ग्लोव्हज आणि बादली, काडीकाडीवर कसलं तरी औषध लावत होत्या. मी कोकणातली आंबेवाली, असं काही बघितलं की पाय हलत नाही माझा. विचारत बसले. त्यांनी सांगितलं ते असं : आपल्याकडे थंडी एवढी पडत नाही की वेल आपणहून पानं गाळून झोपेल, म्हणून वर्षातून दोनदा छाटायची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून नुसत्या काड्या तयार करायच्या, आणि पाऊस सरताना ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, ती फळासाठी. छाटली की काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून फूट येते तिथे, पेस्ट लावायची म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात, नाहीतर एक आज एक पंधरा दिवसांनी. तिथून चार-साडेचार महिन्यांनी घड काढायला येतो, म्हणजे जानेवारी ते मार्च. आमच्या कलमांना कल्टार घालतात ना मोहोर वेळेवर यावा म्हणून, तसाच प्रकार, फक्त हे मुळाशी नाही, डोळ्याडोळ्याला. हजारो डोळे! प्रत्येकाला हात लावायचा. यंदा पाऊस लांबला म्हणून छाटण्या पुढे गेल्या, आणि फुटीवर पाऊस पडला तर डावणी हा रोग येतो, घड जिरतात, असं म्हणाल्या. घड जिरतात. काय शब्द आहे. आमच्याकडे मोहोर गळतो, यांच्याकडे घड आतल्या आत जिरतो. दोघांचंही वरच्याकडे बघणं सारखंच.

तर मुद्दा हा, की ऑक्टोबरमध्ये नाशिकला "वेलीवरची द्राक्षं तोडा" म्हणून माणसं नेणं म्हणजे ऑक्टोबरमध्ये रत्नागिरीला झाडावरचा हापूस खायला बोलावण्यासारखं आहे. तिकडे युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरला द्राक्षं काढतात, मग पानं लाल होतात, फोटो तिथला, मजकूर तिथला, फक्त वर नाशिक लिहिलं. मी बाईंना तो फोटो मोबाईलवर दाखवला. त्यांनी नीट बघितला आणि विचारलं, "ही बाई ग्लास घेऊन बागेत काय करतीय, मजूर कुठंयत?"

टेस्टिंग मात्र छान झालं, खरं बोलायला काय. पुतण्याला बसू दिलं नाही, महाराष्ट्रात वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, हे एजन्सीला त्याचं आधारकार्ड पाठवूनही कळलं नव्हतं, त्याचेही पैसे घेतलेले. तो बाहेर द्राक्षाचा ज्यूस पीत बसला. सासूबाई आत आल्या पण "मी फक्त वास घेईन" म्हणाल्या आणि खरंच प्रत्येकाचा वास घेतला, आणि खरं सांगू का, आमच्यात सगळ्यात बरोबर त्याच बोलत होत्या. आधी शेनिन ब्लांक, पांढरी, जराशी गोडसर, त्या म्हणाल्या पिकल्या पेरूचा वास येतोय. शिकवणारा मुलगा म्हणाला आजी, बरोबर! मग शिराज, गडद लाल. मी प्यायले तर जीभ अशी आवळून आली जशी चार जांभळं खाल्ल्यावर येते, तो म्हणाला हेच टॅनिन, सालीतून आणि बियांतून येतं, लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिला रंगही आणि हा तुरटपणाही. वाइनची द्राक्षं खायच्या थॉमसनसारखी नसतात, लहान, जाड सालीची, बिया असलेली, म्हणजे खायला आणली तर पोरं थुंकून टाकतील. एवढुशा घोटाच्या पाच-सहा वाइन, गरगर फिरवायच्या, वास घ्यायचा, मग घोट. दिराने फिरवता फिरवता शर्टवर सांडली. दोन बाटल्या घेतल्या, एक पांढरी एक लाल.

एक प्रामाणिक सल्ला, वाइनच्या गावाला जायचं तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका. आमचा नवरा आधी म्हणत होता, ड्रायव्हर कशाला, मी चालवतो. पाच घोटांनंतर तो मागच्या सीटवर माझ्या जागी झोपला आणि मला पहिल्यांदा मधली सीट मिळाली.

ड्रायव्हर काकांचं एक राहिलं. हॉटेल एजन्सीनेच बुक केलेलं, त्यांच्याच ड्रायव्हरसाठी झोपायची सोय नाही. पहिल्या रात्री ते बारा तास गाडी चालवून गाडीतच झोपायला निघाले होते. आम्ही पुतण्याच्या खोलीत जादा गादी टाकून घेतली, हॉटेलने ४०० लावले. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. घाटात आपली सहा माणसं ज्याच्या हातात, त्याची झोप ही काय वाचवायची गोष्ट आहे?

४ तारखेला घोटीवरून भंडारदऱ्याला. डोंगर हवे होते ते इथे मिळाले, आणि ऑक्टोबर इथे खरंच बरोबर आहे, प्लॅनमधली एवढी एक गोष्ट जमलेली. बारीच्या अलीकडे कळसूबाई डाव्या-उजव्या वळणात दिसत राहतो, १६४६ मीटर, महाराष्ट्रात याच्यापेक्षा उंच काही नाही, त्या दिवशी डोकं ढगात होतं. उतारांवर सोनकी फुललेली, हळद सांडल्यासारखी, मधे मधे तेरडा. शेंडीहून धरणाला वळसा घालत रतनवाडी, अमृतेश्वराचं देऊळ, काळ्या दगडावरची नक्षी इतकी बारीक की जाऊबाईंनी ब्लाउजच्या डिझाइनसाठी फोटो काढून घेतले. रस्ता धरणाभोवती खूप ठिकाणी उखडलेला आहे, एर्टिगा दोनदा खाली घासली, काका प्रत्येक वेळी "आय गो" म्हणायचे जसं स्वतःलाच लागलं.

मग घाटघर. तिथे कडा आहे, कोकणकडाच म्हणतात त्याला, आणि कड्यावर उभं राहिलं की जमीन संपते. खाली धुकं, धुक्याखाली हिरवं, वारा एवढा की सासूबाईंचा पदर मी धरून उभी. विचारलं त्यांनी, खाली काय आहे? काका म्हणाले, खाली कोकान. त्या दोन मिनिटं बघत राहिल्या. "म्हणजे एवढे पैसे भरून, बारा तास बसून, आपण कोकणच बघायला आलो होय?"

त्याच दिवशी शेजारच्या काकूंचा फोन, अरबी समुद्रात ते शक्ती वादळ, किनाऱ्याला इशारा दिलाय, आणि आमचं हळवं भात कापायला आलेलं उभं. नवऱ्याचा चेहरा उतरला. प्लॅनमध्ये ५ तारखेला सकाळी "निवांत नाश्ता आणि सूर्योदय" होता, आम्ही साडेचारलाच निघालो. यावेळी काका मुद्दाम समृद्धीने न जाता कसाऱ्याने उतरले, "आजीना घाट बघायचा व्हता ना." अंधारात वळणं दिसली नाहीत फारशी, पण उजाडताना खाली आलो तेव्हा दरीत ढग भरलेले होते आणि त्यातून कसाऱ्याकडे रेल्वे जाताना नुसती ऐकू आली. संध्याकाळी चारला चिपळूण. भात वाचलं.

परत आल्यावर एजन्सीला सगळं लिहून पाठवलं, ड्राय डे, छाटणी, पुतण्याचं वय, काकांची झोप. अर्धे पैसे परत मागितले. उत्तर आलं, "तुमच्या मौल्यवान फीडबॅकबद्दल धन्यवाद", सोबत पुढच्या ट्रिपवर ५०० रुपयांचं कूपन, ३१ डिसेंबरपर्यंत वापरायचं. द्राक्षं जानेवारीत सुरू होतात.

आम्ही फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहोत, त्या बाई म्हणाल्यात या तेव्हा, घड दाखवते. प्लॅन माझा, वहीच्या दीड पानावर झालाय. काकांना थेट फोन करून तारखा सांगून ठेवल्यात, त्यांनी एकच अट घातली की बॅगा तीनच आणायच्या.

पांढरी बाटली कोजागिरीला संपली. लाल अजून फ्रिजच्या दारात आहे, अर्धी, कोकमाच्या आगळाच्या बाटलीशेजारी. परवा सासूबाईंनी सोलकढी करायला घेतली, फिरकीचं झाकण उघडलं, वाटीत थोडं ओतलं, वास घेतला आणि मला हाक मारली, "अगं सूनबाई, हे आगळ आंबलंय गो, टाकून दे."